१४. वीस तासांचा अंधार

खांब काल संध्याकाळीच उभा राहिला होता. क्रेन गेली तेव्हा त्याची सावली तुळशीपासून गोठ्यापर्यंत पसरली होती आणि सृष्टी त्या सावलीवरून तोल सांभाळत, एकापुढं एक पाऊल टाकत चालत होती. आज वर्षश्राद्धाच्या सकाळी सोनाली गच्चीवर आली, तर खांबाचं टोक गच्चीच्याही खूप वर गेलेलं. टोकाला लोखंडी कडं, कड्याला सहा दिवे, सहाही माना खाली घालून वस्तीकडं बघणारे.

तिनं दुर्बिणीवरचं दवानं भिजलेलं मेणकापड काढलं, झटकलं, कठड्यावर वाळत घातलं. गच्चीच्या मधोमध कृष्णराजनं स्वतःच्या हातानं ओतलेला सिमेंटचा चौथरा होता. दुर्बिणीचा कणा ध्रुवाकडं नेमका रोखला जावा म्हणून त्यानं तो दोनदा फोडून परत ओतला होता. "एवढ्या सिमेंटात न्हाणीघर झालं असतं," तिचे सासरे आण्णा तेव्हा म्हणाले होते. चौथऱ्यावर ताऱ्यांच्या मागं मागं फिरणारं यंत्र, त्यावर दुर्बीण, दुर्बिणीच्या कुशीला कॅमेरा. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त तो नव्हता.

मृगातल्या काक्षी ताऱ्याच्या पूर्वेला, नुसत्या डोळ्यांना जिथं काहीच दिसत नाही, तिथं एक तेजोमेघ आहे. लाल, मधोमध पोकळ, पाकळ्या उमलल्यासारखा. चंद्राहून मोठा, पण इतका फिका की एका फोटोत नुसता डाग उमटतो. तीन-तीन मिनिटांचे शेकडो फोटो काढायचे आणि लॅपटॉपवर एकावर एक रचायचे; मग तो हळूहळू वर येतो, दुधावर साय धरावी तसा. घरात सगळे त्याला गुलाबच म्हणत. "वीस तास," कृष्णराज म्हणायचा. "वीस तासांचा उजेड गोळा झाला की गुलाब पुरा उमलला. त्याच्या आधी कुणाला दाखवायचा न्हाय."

दोन हिवाळ्यांत त्यानं अकरा तास गोळा केले. गेल्या माघातल्या वद्य द्वादशीला रात्री तो गच्चीवरून खाली उतरला, तो परत वर आला नाही. पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी घोणस चावली. बार्शीच्या अलीकडंच गाडीत त्याचा हात गार पडला. तो हात सोनालीच्या हातात होता.

दहा महिने तिनं जिना चढला नाही. मार्गशीर्षात गुलाब परत रात्रीच्या आकाशात आला तेव्हा सृष्टीनं विचारलं, "आई, बाबांचा गुलाब अर्धाच राहणार?" त्या दिवशी तिनं त्याची वही उघडली. पहिल्या महिन्याचे सगळे फोटो वाया गेले. तारे शेवयांसारखे लांब आले. मग हाताला वळण लागलं. सृष्टीला शेजारी गादीवर झोपवायचं आणि दव धरायच्या आत दीड तास, कधी एक, कधी नुसता अर्धा. असे चार तास जमले. अकरा न् चार पंधरा. राहिले पाच. आजपासून अमावास्येपर्यंत चार रात्री बिनचंद्राच्या होत्या, आभाळ धुतल्यासारखं होतं. चार रात्रींत होईल, असं तिनं धरलं होतं.

"सोनाली, खाली ये गं! खीर कुणी ढवळायची? मला काय चार हात हायती?" भाग्यश्रीनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

भाग्यश्री थोरली जाऊ. तोंडानं फटकळ, पण गेल्या वर्षभरात रात्री सोनालीच्या खोलीचं दार हळूच ढकलून बघणारी तीच. सोनाली खाली आली, पातेल्यापाशी बसली. भाग्यश्री वडे थापत होती. थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "आज लागणार हाय म्हणं."

"काय?"

"दिवा गं. हायमास्ट. तारा काल रातच्याच जोडल्या. सात वाजता सरपंच येतेत, पावणे तर हायतच."

सोनालीचा हात थांबला. "ताई, दादा तर म्हणाले हुते जोडणीला दोन महिने जातेत."

"जात हुते. वर्षाचा दिस चुकू न्हाय म्हणून किती हेलपाटे घातले आमच्या ह्यांनी परंड्याच्या वीज हापिसात. भावासाठीच केलं की. आता त्यांना तरी काय म्हणावं?" भाग्यश्रीनं वडा तेलात सोडला. मग सोनालीच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि हात पदराला पुसले. "किती राह्यलंय तुझं?"

"पाच तास. चार राती."

"मग बोल की आण्णांशी."

"मी? ते वर्षभर माझ्याकडं मान वर करून बघत न्हाईत, ताई."

"मी हाय ना. तू तोंड उघड, पुढचं मी बघते. चार रातींनं काय आभाळ कोसळतंय?" म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर जराशी हसली. "ढवळ, ढवळ. खाली लागलं."

खीर खरंच खाली लागली होती.

*

आण्णासाहेब खांबाखाली उभे होते. खांबाच्या चौथऱ्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर नवा पांढरा पंचा टाकलेला. त्यांनी पंच्याचं टोक उचलून परत एकदा वाचलं. कै. कृष्णराज यांच्या स्मरणार्थ, वस्तीला उजेड.

"आण्णा, संध्याकाळच्या आत उघडायचं न्हाय ते," दिग्विजय मोबाइल कानापासून बाजूला करत म्हणाला.

"अक्षर बरं काढलंय."

"सोलापूरहून आणलीय पाटी. बघा तर खरं रातच्याला. मोटारीच्या खोलीपर्यंत लख्ख उजेड. सुई पडली तरी सापडंल."

"साप दिसंल?"

"मुंगी दिसंल, आण्णा."

म्हातारा मान हलवत राहिला. थोरलं पोरगं बोलघेवडं, पुढारपणाची हौस असलेलं. पण धाकट्याच्या मागं यानं खाल्लेल्या खस्ता त्यांनी डोळ्यांनी बघितल्या होत्या. याला बोल लावायला जागा नव्हती. कुणालाच बोल लावायला जागा नव्हती, लावायचाच तर तो एका माणसाला आणि ते माणूस म्हणजे ते स्वतः.

त्या रात्री अकरा वाजता थ्री फेज आली होती. उसाला पाण्याची पाळी होती. एरवी ते स्वतःच उठत, पण त्या दिवशी गुडघा ठणकत होता. अंथरुणातूनच त्यांनी वर बघून हाक घातली होती, "किस्ना, मोटार लाव रं! लाइट आलीया!" वरून आवाज आला होता, "एवढा एक फोटू होऊ द्या, आण्णा!" आणि ते खेकसले होते, "फोटू पळून जातोय व्हय? लाइट जाईल!" मग जिन्यावर पावलं वाजली. पुढचं काहीच त्यांनी ऐकलं नाही, कारण ते कुशीवर वळून झोपले.

झोपले. हा एक शब्द ते वर्षभर कुणालाही सांगू शकले नव्हते. त्यांची बायको केशरबाई त्या दिवशी तापाची गोळी घेऊन पडली होती, तिनं हाक ऐकली नव्हती. लोकांनी विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले, "पोरगं आपणहून गेलं मोटार लावाया." एकदा म्हटलं, मग तेच खरं झालं. सूनबाई तिकडच्या खोलीत पोरीला घेऊन निजली होती. तिनं ऐकलं की नाही, हे तिच्या डोळ्यांत दिसेल म्हणून ते तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हते.

पूर्वी ते बॅटरी घेऊन गच्चीवर जायचे. पोरगं जेवलं नाही, पोरगं थंडीत बसलंय, घोंगडं तरी दे. वरच्या पायरीवर पाय पडायच्या आत तिकडून ओरड यायची, "आण्णा, बॅटरी!" बॅटरीचा झोत आला की फोटो नासायचा. ते गडबडून बटण दाबायचे आणि अंधारात हात पुढं करून घोंगडं द्यायचे. कुठून तरी पोराचा गार हात यायचा आणि घोंगडं घ्यायचा.

अंधारानं नेला. आता ह्या अंगणात अंधार म्हणून राहू द्यायचा नाही.

*

जेवणं उरकली. पाहुणे मांडवात लवंडले. घरातली माणसं मधल्या खोलीत पानसुपारीला बसली, तेव्हा केशरबाईंनी ओळखलं की धाकटी काहीतरी बोलणार. सोनाली तुळजापूरची, गर्दीत वाढलेली. पण मन घट्ट करायचं असलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. आता तिचं बोट पार पांढरं पडलं होतं.

"आण्णा," सोनाली म्हणाली, "एक मागायचं होतं."

आण्णासाहेब अडकित्त्याकडं बघत राहिले. "माग की."

"दिवा अमावास्या झाल्यावर लावावा. चार राती थांबावं फक्त. त्यांचा फोटो व्हायचाय."

मग दिग्विजयनं बायकोकडं बघितलं. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. जे सांगायचं ते भाग्यश्रीच्या तोंडून. "हिला सांग, सरपंच निघालेत. पावण्यांना काय सांगू, फोटो काढायचाय म्हणून उजेड बंद?"

"मी कशाला सांगू? ती काय बहिरी हाय?" भाग्यश्री म्हणाली. "आन् पावण्यांचं काय! खीर वरपली, आता घोरायलेत. तुमचा दिवा बघायला कोण थांबलंय? चार रातींचं तर मागतीय."

"दुर्बीण उचलून उसाच्या पलीकडं न्यावी म्हणावं."

"न्यावी म्हणावं की. चौथरा तुम्ही डोक्यावर घ्या, मी दुर्बीण घेते."

केशरबाईंना एरवी हसू आलं असतं. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. चाळीस वर्षं ज्या माणसाला ओळखलं, त्याच्या जबड्याची हालचाल त्यांना वाचता येत होती. आण्णा विरघळत होते.

"आज द्वादशी," आण्णा सावकाश म्हणाले. "त्याच राती हायती ह्या, पोरी. त्याच काळ्या राती. तू लेकराला घेऊन वर बसायची, अंधारात जिना उतरायची, अन् मी खाली डोळे उघडे ठेवून..." ते थांबले. "पाटी उघडू. नारळ फोडू. बटण तेवढं अमावास्येनंतर दाबू. काय रं दिग्या?"

"आण्णा!"

"चार राती. मी स्वतः जिन्यात बसतो हिच्यासाठी."

सोनालीनं बोटावरचा पदर सोडला. केशरबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. धाकट्यासाठी वर्षभरानं घरात काहीतरी नीट होत होतं.

तेवढ्यात सृष्टी आली. सहा वर्षांची पोर, दोन पायऱ्या एकदम उतरून, धापा टाकत. "आई, आपण वर कधी जायचं? मी आपली बॅटरी पण घेतली!"

तिच्या हातात बॅटरी होती. काचेवर लाल जिलेटीनचा कागद, रबरानं घट्ट बांधलेला. सृष्टीनं बटण दाबलं आणि भिंतीवर एक मंद, तांबडा, रुपयाएवढा ठिपका पडला.

ही बॅटरी त्यांनी ओळखली. मोटारीच्या खोलीपाशी, ओल्या बांधावर, ही पडली होती. त्यांनीच ती पेटीच्या तळाशी कपड्यांखाली घातली होती.

"ही कुठनं आली?" आण्णांचा आवाज बदलला.

"आईनं दिली. जिन्यात लावायला. पांढरी लावली की डोळे आंधळे होतेत, मग तारे दिसत न्हाईत," सृष्टी पाठ केल्यासारखं म्हणाली.

"हिच्या हातात?" दिग्विजय उठून उभा राहिला. पहिल्यांदाच तो सोनालीशी थेट बोलला. "तुम्ही लेकराच्या हातात ही दिली? ह्या उजेडात माझ्या भावाला पायाखालचं जनावर दिसलं न्हाय. डॉक्टर सांगत हुता, दोनदा चावलीय, म्हणजे ह्यो तिच्यावर उभाच राह्यला. त्याच्या खुळापायी..."

"त्यांचं खूळ न्हवतं ते," सोनाली म्हणाली.

"मग कुणाचं?"

"कागद मी चिकटवला होता."

भाग्यश्रीनं तिच्याकडं बघितलं. सोनाली सगळ्यांकडं बघत होती आणि कुणाकडंच बघत नव्हती. "त्यांची लाल बॅटरी फुटली होती. ते म्हणाले, दुसरी मागवू. मीच म्हटलं, कशाला? माहेरून ओटीचं सामान आलं होतं, त्याच्यावरचा कागद होता. एक पदर लावला, उजेड जास्त पडत होता. म्हणून तीन पदर लावले. ते म्हणाले, लई झकास झालं." तिचा आवाज कुठंच चढला नाही. "तीन पदर मी लावले."

भाग्यश्री जागची हलली. फार नाही, पाटावरून वीतभर मागं. पण केशरबाईंना ते दिसलं, आणि सोनालीलाही दिसलं.

आण्णांनी सृष्टीच्या हातातून बॅटरी काढून घेतली. रबर ओढायला लागले, निघेना. "तू," ते म्हणाले, "वर्षभर आमच्या ताटाला ताट लावून जेवलीस. अन् ही बॅटरी परत... परत माझ्या नातीच्या हातात. दिवा आजच लागंल. आत्ता लागंल. तुझ्या अंधारानं खाल्लं त्याला!"

"माझ्या अंधारानं?" सोनाली उभी राहिली. "आणि हाक कुणी मारली होती, आण्णा?"

आण्णांचे हात थांबले.

"एवढा एक फोटो होऊ द्या म्हणाले होते ते. मी ऐकलं. मी जागी होते. फोटू पळून जातोय व्हय, असं कोण म्हणालं?"

केशरबाईंना आधी काही कळलंच नाही. मग एकेक शब्द उलगडत गेला. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "तुमी हाक मारली हुती?"

आण्णांनी बॅटरी जमिनीवर ठेवली.

"आपणहून गेला म्हणाला हुता तुमी. समद्या गावाला सांगितलं. मला सांगितलं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला हुता, आपणहून गेला म्हणून." केशरबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "मी वर्षभर त्याला कोसलं. कशाला गेलास म्हणून रोज त्याच्या फोटूला कोसलं की वो!"

"म्याच मारली हाक," आण्णासाहेब म्हणाले. "अन् झोपलो."

सृष्टी एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. भाग्यश्रीनं तिला उचललं आणि बाहेर नेलं. केशरबाई उठल्या, भिंत धरत धरत मागल्या दाराकडं गेल्या. जाताना त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही.

सोनाली तिथंच उभी होती. ते वाक्य तिनं वर्षभर जपलं होतं. म्हाताऱ्याला कधीच कळू द्यायचं नाही की तिला माहीत आहे, एवढं एकच ती त्याच्यासाठी करू शकत होती. आज चार रात्रींसाठी तिनं ते खर्च केलं. आणि आता चार रात्री मागायला तोंड उरलं नव्हतं.

*

सात वाजता नारळ फुटला. सरपंच दोन शब्द बोलले. बटण दाबायला आण्णासाहेबांना बोलावलं तर ते खुर्चीवरून उठलेच नाहीत, मान खाली घालून बसले. दिग्विजयनं इकडंतिकडं बघितलं आणि सृष्टीला कडेवर उचललं. "बाबांचा दिवा हाय, तूच लाव."

सृष्टीनं बटण दाबलं.

सहाही दिवे आधी जांभळट लुकलुकले, मग पांढरे झाले, मग आणखी पांढरे. अंगण, गोठा, मोटारीची खोली, उसाची पहिली सरी, पान न् पान. मांडवातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "दिवसच उगवला की!" सोनाली जिन्याच्या तळाशी उभी होती. तिनं वर बघितलं. मृग होता, पण फक्त त्याचे मोठे तारे, झिजलेल्या पटावरच्या सोंगट्यांसारखे. काक्षीच्या पूर्वेला करडा धूर पसरल्यासारखं आभाळ.

"आई, बघ!" सृष्टी खाली उतरून गोल गोल फिरत होती. "मला किती सावल्या! एक, दोन, तीन... आई, ह्यातली खरी कुठली?"

"सगळ्याच," सोनाली म्हणाली.

पोरगी हसत सुटली. वर्षभरात पहिल्यांदा ती अंधार पडल्यावर अंगणात एकटी पळत होती, मोटारीच्या खोलीपर्यंत जाऊन परत. तिला हसताना बघून सोनालीला दिव्याचा राग करता येईना, आणि ते तर आणखीच वाईट होतं. निदान राग तरी हाताशी राहिला असता.

केशरबाई पुढं आल्याच नाहीत. घराच्या मागं, जिथं दिव्याचा उजेड पोचत नव्हता, तिथं चुलीपाशी त्या बसून होत्या. भाग्यश्रीनं त्यांना भाकरी नेऊन दिली. परत येताना सोनालीजवळून गेली, थांबली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "सृष्टीला मी झोपवते," एवढंच म्हणाली. आज ती दार ढकलून बघायला येणार नाही, हे दोघींनाही कळलं.

पाहुणे गेल्यावर सोनाली गच्चीवर आली. गच्ची चुन्यानं सारवल्यासारखी पांढरी. दुर्बिणीची सावली कठड्यावर चढून पलीकडं पडलेली. तिनं वही उघडली, वाचायला लाल बॅटरीची आता गरजच नव्हती. कृष्णराजचं अक्षर बारीक, डावीकडं झुकलेलं. शेवटच्या पानावर त्यानं लिहून ठेवलं होतं:

"सगळं झालं की शेवटी डार्क घ्यायचे. झाकण लावून, तितकाच वेळ, तितक्याच थंडीत. कॅमेरा अंधारातही खोटे ठिपके काढतो. नुसत्या अंधाराचे फोटो असले की ते खोटे ठिपके ओळखू येतात, मग ते गुलाबातून वजा करायचे. हे विसरायचं नाही."

सगळं झालं की. सगळं झालं नव्हतं. पाच तास राहिले होते आणि ते आता ह्या गच्चीवर कधीच होणार नव्हते. पण एवढी एक गोष्ट उजेडातही करता येत होती. तिनं दुर्बिणीच्या तोंडाला झाकण लावलं. कुठून फट राहू नये म्हणून आण्णांचंच जुनं घोंगडं नळीभोवती गुंडाळलं, वर दोरी आवळली. तीन मिनिटं. बटण.

लॅपटॉपवर पहिला फोटो आला. काळा. अगदी तसाच काळा, जसं आभाळ कालपर्यंत होतं.

फोटो साठवताना तिची नजर कडेच्या फोल्डरवर गेली. तो तिनं पौषातच उघडला होता. नाव होतं, 'आण्णा'. आत एक्केचाळीस फोटो, सगळे नासलेले. खालच्या कोपऱ्यातून पांढरा झोत चढलेला, तारे धुऊन गेलेले. नासलेला फोटो कृष्णराज लगेच पुसून टाकायचा, जागा अडते म्हणायचा. हे एक्केचाळीस त्यानं तारखा घालून जपले होते. का, ते वहीत कुठंच नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. ठणकत्या गुडघ्याची पावलं. सोनाली वळली नाही.

आण्णासाहेब वरच्या पायरीपाशी येऊन थांबले. पुढं आले नाहीत. हातात त्यांची मोठी बॅटरी होती, पेटलेली. ह्या लख्ख उजेडातही जिना चढताना त्यांनी ती सवयीनं लावली होती.

तीन मिनिटं झाली, कॅमेरा खटकन वाजला, पुढचा फोटो सुरू झाला.

"झाकण तर लावलंय," आण्णा म्हणाले.

"व्हय."

"मग कशाचा काढतीस?"

"अंधाराचा."

म्हाताऱ्यानं मान हलवली, जणू ते पटण्यासारखंच होतं. खाली मागल्या बाजूला भांड्याचा आवाज झाला. केशरबाई अजून चुलीपाशीच होत्या. "ती बोलत न्हाय माझ्याशी," ते म्हणाले. "बोलणार बी न्हाय आता." मग, "तू ऐकलं हुतंस. वर्षभर."

"व्हय."

"अन् काहीच म्हणाली न्हाईस."

"आज म्हणाले की."

माफ केलं म्हणायला दोघांपाशी काही नव्हतं, आणि दोघांनाही ते मागायचं नव्हतं. दिव्यांभोवती किडे जमले होते, त्यांच्या सावल्या गच्चीभर सरपटत होत्या.

"मी आलो तर नासंल का?" आण्णांनी विचारलं. "हे?"

झाकण घट्ट होतं, वर घोंगडं होतं, सहा दिव्यांचा उजेड आत शिरत नव्हता, तिथं एका बॅटरीचं काय. तिला हे सांगता आलं असतं. पण तिच्या तोंडून दुसरंच आलं, न ठरवता, कृष्णराजच्याच आवाजात यावं तसं.

"आण्णा, बॅटरी."

म्हातारा गडबडला. अंगठ्यानं बटण चाचपलं, दाबलं. बॅटरी विझली, आणि त्यांनी अंधारात पुढं करावा तसा हात पुढं केला.

उजेड तेवढाच राहिला.